पान उघडत नाही तेव्हा : डायनॅमिक इम्पोर्टच्या अडचणी कशा शोधाव्यात



महाराष्ट्राबाहेरच्या बहुतेक मराठी मंडळांची संकेतस्थळे स्वयंसेवकच सांभाळतात. कोणी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेले की काम नव्या हाती येते. मग ऐन गणेशोत्सवाच्या नावनोंदणीत सभासदांचे फोन येऊ लागतात : "बटण दाबले, पण पुढे काहीच होत नाही." पान पुन्हा उघडले की बहुधा चालते, म्हणून तक्रार तिथेच विरते. पण ज्या आजोबांना पान पुन्हा उघडण्याचे सुचत नाही, त्यांचे नाव यादीत येतच नाही. अशा अडचणीमागे पुष्कळदा 'डायनॅमिक इम्पोर्ट' असतो. मंडळाचे तांत्रिक काम पाहणाऱ्यांसाठी आणि याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुण मंडळींसाठी हे टिपण.

मुळात होते काय?

जावास्क्रिप्टचा प्रोग्राम छोट्या फाइलींत, म्हणजे मॉड्यूलांत लिहितात. वेबपॅक, रोलअप किंवा व्हीट (उच्चार आपल्या विटेसारखाच, फ्रेंचमध्ये अर्थ 'झटपट') हे बंडलर त्या फाइली एकत्र बांधतात. सगळे एकाच गाठोड्यात बांधले तर पहिले पान उघडायलाच वेळ लागतो. पंगतीत सगळे पदार्थ एकदम वाढत नाहीत, जेवण पुढे सरकते तसे वाढपी आणतात. डायनॅमिक इम्पोर्ट तसाच आहे : नावनोंदणीचा भाग सभासदाने ते बटण दाबल्यावरच सर्व्हरवरून येतो. २०२० च्या जावास्क्रिप्ट मानकात ही सोय अधिकृतपणे आली.

अशा वेगळ्या काढलेल्या तुकड्याला 'चंक' म्हणतात. चंकच्या नावात बंडलर सहसा मजकुरावरून काढलेली अक्षरे-आकड्यांची खूण घालतो. मजकूर बदलला की नाव बदलते. त्यामुळे ब्राउझर जुनी फाइल निर्धास्तपणे साठवून ठेवू शकतो. सोय चांगली आहे, पण पहिली अडचण तिच्यातूनच निघते.

१. जुने पान, नव्या फाइली

सभासदाने सकाळी मोबाइलवर संकेतस्थळ उघडून ठेवले. दुपारी तुम्ही नवी आवृत्ती चढवली आणि जुने चंक पुसले. संध्याकाळी त्याने बटण दाबले. त्याच्या पानाला जुनेच नाव ठाऊक आहे आणि त्या नावाची फाइल आता सर्व्हरवर नाही. वेबपॅकमध्ये 'चंक लोड एरर' दिसते. व्हीटमध्ये, क्रोम ब्राउझर असेल तर, 'फेल्ड टू फेच डायनॅमिकली इम्पोर्टेड मॉड्यूल' असा संदेश येतो.

उपाय तीन :

- नवी आवृत्ती चढवताना जुने चंक निदान काही दिवस राहू द्या. आधी नवे चंक चढवा, मुखपृष्ठाची एचटीएमएल फाइल सर्वांत शेवटी.
- मुखपृष्ठाची एचटीएमएल फाइल ब्राउझरने दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरावी, अशी सूचना सर्व्हरवर ठेवा. खुणेच्या नावाचे चंक मात्र दीर्घकाळ साठवले तरी चालतात.
- इम्पोर्ट फसला तर ती चूक पकडून पान एकदाच आपोआप ताजे करा. व्हीटच्या ४.४ आवृत्तीपासून यासाठी 'प्रीलोड एरर' ही घटना मिळते. 'एकदा ताजे केले' अशी नोंद सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, नाहीतर पान ताजे होतच राहील. सभासदाने अर्धा फॉर्म भरला असेल तर आपोआप ताजे करू नका, माहिती पुसली जाईल. तिथे मराठीत साधा निरोप आणि एक बटण द्या.

२. फाइलऐवजी मुखपृष्ठच आले

काही सर्व्हर असे मांडलेले असतात की पत्ता सापडला नाही तर ते ४०४ न म्हणता मुखपृष्ठ पाठवतात, तेही २०० या यशाच्या आकड्यासह. ब्राउझरने मागितली जावास्क्रिप्ट, हाती आली एचटीएमएल. मग 'माइम टाइप'ची तक्रार येते किंवा पहिल्याच ओळीतल्या कोनी कंसावर प्रोग्राम अडतो. मधल्या सीडीएनने ते मुखपृष्ठ चंकच्या नावाने साठवले तर दुखणे लांबते. चंक ज्या फोल्डरमध्ये आहेत, तिथे न सापडलेल्या फाइलीला ४०४ च मिळाले पाहिजे.

३. नाव आयत्या वेळी ठरते

समजा, हैदराबादच्या एखाद्या मंडळाचे संकेतस्थळ मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत आहे आणि निवडलेल्या भाषेची फाइल डायनॅमिक इम्पोर्टने येते. बंडलर प्रोग्राम चालवून पाहत नाही, नुसता वाचतो. फाइलीचा पूर्ण पत्ता एका चलात ठेवला, तर कोणती फाइल बांधायची हे त्याला कळत नाही. स्वतःच्या संगणकावर मूळ फाइली जागेवर असतात म्हणून काम चालते. बांधणी करून चढवल्यावर अडते.

व्हीटमध्ये पत्ता डॉट-स्लॅश किंवा डॉट-डॉट-स्लॅशने सुरू व्हावा, शेवटी फाइलीचा प्रकार लिहिलेला असावा आणि चलाच्या जागी फाइलीचे किंवा एकाच पातळीच्या फोल्डरचे नाव यावे. वेबपॅक उलट उदार आहे : पत्त्याचा ठरलेला भाग फार मोघम असला तर तो त्या फोल्डरमधल्या नको त्या फाइलीही बांधून टाकतो. दोन-तीन भाषा असतील तर सरळ तक्ता करावा. प्रत्येक भाषेपुढे तिचा पूर्ण नावाचा वेगळा इम्पोर्ट लिहिला की प्रश्न मिटतो.

४. पत्त्याचा पाया चुकला

संकेतस्थळ मुख्य पत्त्यावर नसून आतल्या फोल्डरमध्ये असेल, तर व्हीटमध्ये 'बेस' आणि वेबपॅकमध्ये 'पब्लिक पाथ' तपासा. वेबपॅकमध्ये ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली तर चंक चालू पानाच्या पत्त्यापासून शोधला जातो. मुखपृष्ठावर सगळे ठीक, आतल्या पानावर गेले की बिघाड, ही त्याची खूण.

शोध कुठून सुरू करावा?

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क विभाग उघडा, बटण दाबा आणि चंकची ओळ पाहा.

- ४०४ आणि पत्ता वेडावाकडा : अडचण चौथी.
- ४०४ आणि पत्ता बरोबर, पण नाव जुने : अडचण पहिली.
- २०० पण प्रकार एचटीएमएल : अडचण दुसरी.
- विनंतीच गेली नाही किंवा अडवली गेली : नेट बंद आहे किंवा जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन आहे. दिवाळी अंकाच्या जाहिरातदर-पत्रकाच्या चंकला 'ॲड्स' असे नाव दिले तर तो अडवला जाऊ शकतो. नाव बदला.
- फाइल नीट आली, तरी चूक : दोष त्या मॉड्यूलच्या आतच आहे. कन्सोलमधली पहिली तांबडी ओळ वाचा.

चढवण्याआधी आपल्या संगणकावर बांधणी करून तीच बांधलेली आवृत्ती चालवून पाहा. पहिल्या अडचणीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते : जुनी आवृत्ती एका टॅबमध्ये उघडी ठेवा, नवी चढवा, मग जुन्या टॅबमधले बटण दाबा. उत्सवाच्या आठवड्यात नवी आवृत्ती चढवायचीच असेल तर रात्री उशिरा चढवा. काम पुढच्या स्वयंसेवकाकडे सोपवताना पासवर्डांबरोबर बांधणीची आज्ञा, चंकचे फोल्डर आणि जुने चंक किती दिवस ठेवायचे हेही लिहून द्या.