उरला ते सोनेगाव, आकाशमार्गे

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या वैदर्भीय माणसाला नागपूर कधी परकं वाटत नाही. १९५६ पर्यंत दोन्ही शहरं एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूरच होती. पण समजा, ही वाट विमानाने गाठायची ठरवली, तर अंतर किती आणि वेळ किती?

रायपूरचं विमानतळ माना इथे, नागपूरचं सोनेगावला. दोन्ही २१ अंश अक्षांशाच्या जरा वर, जवळपास एका ओळीत. रेखांशात फरक सुमारे २.७ अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो. पण उत्तरेकडे रेखावृत्तं एकमेकांजवळ सरकतात, त्यामुळे इथे तो १०४ किलोमीटरच भरतो. गुणाकार केला की २८० किलोमीटर येतात. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा करत येणारा रस्ताही तीनशेच्या आसपासच आहे. मध्ये ना घाट, ना खाडी. मग आकाशाने वाचवायचं तरी काय?

पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट अक्षांशाच्या रेषेवरून जात नाही, ती किंचित उत्तरेकडे फुगते. मुंबई-न्यूयॉर्क प्रवासात याने शेकडो किलोमीटर वाचतात. माना-सोनेगाव मार्गावर ही वाट मध्यावर जेमतेम ६०० मीटर उत्तरेला सरकते आणि बचत होते सुमारे तीन मीटरची! सूर्य मात्र हेच अंतर पावणेअकरा मिनिटांत कापतो. रायपूरला तेवढं आधी उजाडतं.

आता वेळ. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरने उडतं असं धरू. भागाकार म्हणतो ३४ मिनिटं. पण हा वेग उंची गाठल्यावरचा. इतक्या छोट्या पल्ल्यात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. त्यात धावपट्टीची दिशा. मान्याची धावपट्टी ईशान्य-नैऋत्य आहे. नैऋत्येकडे उड्डाण मिळालं तर विमान नागपूरच्या वाटेला लागलंच म्हणायचं. ईशान्येकडे उडावं लागलं, तर वळसा घ्यायचा. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय. वारा आग्नेयेकडून असेल तर विमानाला पलीकडे, वायव्येला जाऊन उलटं यावं लागतं. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ त्यामुळे तासाभराकडे झुकतो.

वाऱ्याचा आणखी एक खोडसाळपणा. ताशी ६० किलोमीटरचा पश्चिमी वारा असेल तर नागपूरला जाताना ३८ मिनिटं लागतील, येताना ३०. जाऊन-येऊन ६८, वारा नसता तर ६७. वारा एका बाजूला जे घेतो ते दुसऱ्या बाजूला पूर्ण फेडत नाही, कारण तो विरोधात असतो तेव्हा विमान त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतं.

आणि हे सगळं विमानतळ गाठल्यावरचं. उरला रायपूरच्या उत्तरेला, माना आग्नेयेला. पश्चिमेच्या नागपूरला जायला आधी अख्खं शहर ओलांडून उलट दिशेला जायचं, मग तपासणीसाठी तास-दीड तास हाताशी ठेवायचा. तेवढ्यात रायपूरच्या पश्चिमेकडच्या टाटीबंधहून निघालेली मोटार राजनांदगाव मागे टाकून महाराष्ट्राच्या सीमेकडे धावत असते.