फितीवर उरलेली मैफल

मैफल संपते, तंबोरे गवसणीत जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि श्रोता घरी परततो. गाणे मात्र मागे उरत नाही. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ साली पैगंबरवासी झाले. निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर ज्यांची गायकी बहरली, त्यांचा आवाज ऐकण्याचे भाग्य आज कोणालाही नाही, कारण त्यांनी ध्वनिमुद्रिका दिलीच नाही. १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवा बखल्यांचेही तेच झाले. ज्यांनी मुद्रिका दिल्या, त्यांना उभा राग तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागला.

ही उणीव पुढे श्रोत्यांनीच आपल्या परीने भरून काढली. असा ध्यास जगात इतरत्रही दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतील गाणे मेणाच्या नळकांड्यांवर टिपून ठेवले. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाने तर १९८४ साली मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागाच राखून दिली.

आपल्याकडे हे काम आधी स्पूलच्या अवजड टेपरेकॉर्डरने आणि पुढे कॅसेटने केले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, आणि बैठकीच्या कोपऱ्यात मांडीवर यंत्र घेऊन बसलेला गृहस्थ हळूहळू ओळखीचा झाला. बेळगावात आमचे वडील त्यांपैकीच एक. त्यांच्या पश्चात लाकडी पेटीत चाळीसेक कॅसेटी निघाल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, परंतु विलंबित ख्याल काही घड्याळ पाहून चालत नाही. त्यामुळे नेमक्या रंगलेल्या जागी ‘खट्’ असा आवाज येतो आणि गाणे तुटते. एका कॅसेटवर तर आमच्याच बालपणीचे पाढे मुद्रित झालेले आहेत. त्यांच्याखाली कोणती मैफल पुसली गेली, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

तरीही या फितींत जे आहे ते दुकानातल्या मुद्रिकेत नाही. तबला लावण्याचा आवाज आहे, खोकला आहे, कपबशांची किणकिण आहे, आणि मराठीबरोबर कानडीतली उत्स्फूर्त दादही आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व काय किंवा धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर काय, दोघांचीही मातृभाषा कानडी. परंतु मराठी घरांनी त्यांना आपले मानले. सीमेच्या वादाने आपल्याला पुष्कळ सोसावे लागले असेल, पण या फितींवर षड्ज लागला की त्या क्षणी वाद नसतो.

आमच्या पेटीतील एक कॅसेट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. तीवर जेमतेम बारा मिनिटे गाणे आहे. मग गायकाचा शांत स्वर ऐकू येतो, “ते यंत्र बंद करा.” पुढे नुसती खरखर. वडिलांनी ती कॅसेट पुन्हा वापरली नाही आणि टाकूनही दिली नाही. संकोच आणि मोह या दोहोंमध्ये ती इतकी वर्षे पडून राहिली.

गायकाचे म्हणणे गैर नव्हते. केसरबाई केरकर मैफलीतील मुद्रणाविषयी अत्यंत कठोर होत्या. त्यांनी मुद्रिकेसाठी गाइलेली भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. परंतु कोणते गाणे लोकांपुढे जावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी कधी सोडला नाही. आपल्या कायद्यानेही १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा हक्क मान्य केला. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला त्यात सूट आहे, विक्रीला नाही.

आता प्रश्न या फितींच्या आयुष्याचा आहे. बेळगावच्या दमट पावसाळ्यात फितीला बुरशी येते, फितीचे थर एकमेकांना चिकटतात, आणि एका वेढ्यातील ध्वनी शेजारच्या वेढ्यात उतरून स्वराआधीच त्याची सावली ऐकू येते. ज्या घरांत अशा पेट्या आहेत, त्यांना आमची विनंती आहे की बुरशी दिसत असेल तर कॅसेट यंत्रात घालू नये. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. गायक, साथीदार, गाव आणि साल यांपैकी जे आठवते ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. मग एकदाच, नीट चालणाऱ्या यंत्रावरून, तिची संगणकीय प्रत करावी. स्वर चढा वा उतरता लागल्यास यंत्राची गती तपासावी. आणि पहिली प्रत कलावंताकडे, ते हयात नसल्यास त्यांच्या कुटुंबाकडे वा शिष्यांकडे पोचवावी.

त्या बारा मिनिटांची प्रत आम्ही गेल्या वर्षी गायकांच्या घरी नेऊन दिली आणि ती ठेवावी की पुसावी हा निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांच्या कन्येने ती दोनदा ऐकली. “बंद करा” हे शब्द येताच त्या हसल्या व म्हणाल्या, “हे राहू द्या. बाबांचा बोलण्याचा आवाज आमच्याकडे कोठेच नव्हता.”