विणकराला शंभर एकर, आपल्याला गिरमिट

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी आणि ज्यांच्या वाडीत रेंज फक्त आंब्याच्या झाडाखाली येते त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना आलेले "म्हणजे कसं ना" तेवढे गाळलेत.

कुडाळकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता: "दादा, एजंट म्हणता, सरकारी क्लिअरन्सच्या भानगडीत पडू नको, टुरिस्ट व्हिसावर चल, थय गेल्यावर कामाचा बघूया. जाऊ काय?"

छोटं उत्तर: जाऊ नको. मोठं उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि आधी थेट स्कॉटलंडला.

१८१५ साली नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली. सैन्यातून सुटलेली माणसं कामाला परत आली, कापडाचे भाव पडले, आणि ग्लासगो-लॅनार्कशायर भागातल्या हातमागावरच्या विणकरांची मजुरी कोसळली. ही माणसं लिहितावाचता येणारी आणि संघटित होती. त्यांनी वस्तीवस्तीत सोसायट्या काढल्या आणि सरकारकडे अर्ज केले: इथे पोट भरत नाही, आम्हाला कुटुंबासकट कॅनडात पाठवा. १८२०-२१ मध्ये सरकारने हे मान्य केलं. दया आली म्हणून मान्य केलं असं मला वाटत नाही. १८२० च्या एप्रिलमध्ये तिथे उठाव झाला होता आणि त्यात विणकर पुढे होते. उपाशी आणि संघटित माणूस समुद्रापार गेलेला सरकारला बरा वाटतो.

त्यांना मिळालं काय? अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, कुटुंबामागे १०० एकर जमीन आणि माणशी हप्त्याहप्त्याने रोख कर्ज. जमीन खडकाळ निघाली, जंगल तोडता तोडता कंबर मोडली, कर्ज काही फिटेना. शेवटी सरकारने ते माफ केलं. हाल झालेच, पण ते स्वतःच्या जमिनीवर झाले. हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात, आणि सावंतवाडी वेगळं संस्थान.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला मॉरिशस बेटावर उसाचे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ ला लागू झाला. भरपाई मिळाली, पण गुलामांना नाही, मळेवाल्यांना. एकट्या मॉरिशसच्या वाट्याला वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम आली. हातात पैसा, मळ्यात माणूस नाही. मग त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. ती जागा आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुढच्या सुमारे पाऊण शतकात त्या बंदरात साडेचार लाखांवर हिंदी माणसं उतरली.

पहिल्या काही वर्षांत फसवणुकीची इतकी प्रकरणं झाली की कंपनी सरकारला ही भरती बंद करावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा उघडली, पण आता सरकारी देखरेखीखाली आणि तीनच बंदरांतून: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. आपला माणूस इथे येतो. कलकत्ता-मद्रासच्या मानाने मुंबईचा आकडा लहान होता, पण मुंबईहून चढलेल्यांत मराठी बोलणारे बरेच, आणि त्यात कोकणी माणूस ठळक.

कोकणातून तो का निघाला हे मी काय सांगू, आजही घरोघरी माहीत आहे. भाताची जमीन थोडी आणि तीही भावाभावांत वाटलेली. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खोती, म्हणजे पिकवायचं आपण आणि वाटा खोताचा. चार महिने पाऊस, आठ महिने हाताला काम नाही. पत्तेमारीत बसून मुंबई गाठायची हे आधीपासून चालूच होतं. मुंबईला पोचल्यावर पुढे काही आठवड्यांचा समुद्र आणि मग मॉरिशस.

या लोकांनाही सरकारची मदत मिळाली, नाही असं नाही. जहाजाचं भाडं मॉरिशसच्या खजिन्यातून. वाटेत जेवण. निघण्याआधी डॉक्टरी तपासणी. एक अधिकारी विचारणार की स्वखुशीने जातोस ना? पगार महिन्याला साधारण ५ रुपये, वर तांदूळ-डाळीचा शिधा. करार कधी वर्षाचा, पुढे तीनचा, मग पाच वर्षांचा. इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट', आपल्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट'.

मी दिवसभर डेटाबेसचं काम करतो, म्हणून मला हे असं दिसतं: विणकराचा फॉर्म आणि आपल्या माणसाचा फॉर्म जवळजवळ सारखा. नाव, वय, गाव, जहाज. फरक एकाच रकान्यात. त्याच्याकडे लिहिलंय 'जमीन किती', आपल्याकडे लिहिलंय 'मालक कोण'.

बाकीचं सगळं त्या एका रकान्यातून आलं. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिथे 'डबल कट' म्हणत. आजारी पडला तरी काम चुकलेलंच. काम सोडून गेला तर तो साधा करारभंग नाही, गुन्हा, थेट तुरुंग. सुरुवातीला परतीचं भाडं सरकार देत असे, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला तेही नव्या येणाऱ्यांसाठी बंद केलं. म्हणजे यायचं तिकीट फुकट, जायचं ज्याचं त्याने बघायचं. तरीही एक तृतीयांशाच्या आसपास लोक परत आले. उरलेले तिथलेच झाले.

आणि करार संपला तरी सुटका नाही. १८६७ च्या कायद्याने मुदत पूर्ण केलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. पोलिसांनी रस्त्यात अडवलं आणि पास दाखवता आला नाही, तर 'भटक्या' म्हणून आत. धरपकडीच्या मोहिमा निघत. या लोकांनी मग काय केलं? विणकरांनी केलं तेच. अर्ज! १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकाच्या मदतीने त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज दिला, त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या. स्थानिक मळेवाले प्लेवित्झवर असे भडकले की त्याला रस्त्यात मारहाण झाली. पण लंडनहून १८७२ मध्ये चौकशी आयोग आला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालाने मजुरांच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या ठरवल्या. विणकरांनी निघण्यासाठी अर्ज केला होता. आपल्या लोकांना पोचल्यावर, माणसासारखं रस्त्याने चालता यावं म्हणून करावा लागला.

मुंबईची वाट मात्र तोवर आटत चालली होती. कारण सोपं आहे: मुंबईलाच माणूस हवा झाला. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली, मग गोदी, रेल्वे, एकामागून एक गिरण्या. घाम गाळायचाच आहे तर परळ-लालबागला गाळू, गणपतीला आणि शिमग्याला घरी तरी येता येईल. आपल्याकडची मनीऑर्डर आणि चाकरमानी तिथून सुरू होतात. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, करू कधीतरी.

आता त्या मेसेजकडे. १८८३ च्या हिंदुस्थान सरकारच्या स्थलांतर कायद्यात बंदरावरच्या एका अधिकाऱ्याची तरतूद आहे: 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे परदेशी जाणाऱ्या मजुरांचा रक्षक. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, आपल्या संसदेने नवा कायदा केला. त्यातही हा अधिकारी आहे. नाव तेच, इंग्रजीतलं. मुंबईत त्याचं कार्यालय आजही आहे, आणि त्याच्या मंजुरीचं काम आता 'ई-मायग्रेट' पोर्टलवर चालतं.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' लिहिलेलं असतं. असा पासपोर्ट घेऊन सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर ही मंजुरी लागते. लोकांना ती कटकट वाटते. पण मंजुरी घेताना तुमचा करार, मालकाचं नाव, पगार हे सगळं सरकारी नोंदीत जातं. सोबत 'प्रवासी भारतीय विमा योजना' घ्यावी लागते. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि कामावर अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. नोंदणीकृत एजंटला तुमच्याकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागतोय? मग त्याचं नाव पोर्टलवरच्या यादीत आहे का ते आधी बघा. यादीत 'निलंबित' आणि 'मुदत संपलेले' वेगळे दाखवतात, नुसतं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका.

टुरिस्ट व्हिसावर नेणारा एजंट नेमकं हेच टाळत असतो. तुम्ही विमानात बसता तेव्हा सरकारच्या लेखी तुम्ही फिरायला निघालेले असता. पगार अडला, पासपोर्ट मालकाने काढून घेतला, तर वकिलातीत दाखवायला करारच नसतो. १८४२ च्या आधी जशी माणसं नेत होते, तसाच हा प्रकार. रक्षक अपुरा असेल, सुस्त असेल, मलाही तो काही देवमाणूस वाटत नाही. पण ज्याची नोंदच नाही त्याला तो शोधणार कुठे?

बोटीवर जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, आपल्या किनाऱ्यावर असे पोरगे बरेच आहेत. खलाशांचं खातं वेगळं. तिथे ई-मायग्रेट नाही, जहाजवाहतूक महासंचालनालय आहे. तुमची सीडीसी आणि एजंटचं आरपीएसएल लायसन्स, दोन्ही त्यांच्याच साइटवर तपासायचं.

शेवटी मॉरिशसच्या त्या नोंदवह्यांबद्दल, कारण त्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या जपून ठेवल्यात. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, मग नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. ज्या वह्या माणसाला मळ्याशी बांधायला लिहिल्या, त्याच आज त्याच्या पणतवंडांच्या कामी येतात. ओसीआय कार्डासाठी भारतीय मूळ दाखवायला हीच नोंद लागते, आणि मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केलं की तिथल्या सातव्या पिढीलाही त्यासाठी पात्र धरलं जाईल.

तिथली मराठी आडनावं बघितलीत तर बरीचशी खरी आडनावं नाहीतच. वहीत पणजोबाचं एकट्याचं नाव लिहिलं गेलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. तिथे शाळेत मराठी शिकवतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हा सण १८९६ पासून होतो असं तिथले सांगतात, आणि कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात.

अडचण गावाच्या रकान्यात आहे. लिहिणारा कारकून इंग्रजी नाहीतर फ्रेंच कानाने ऐकायचा, त्यामुळे आपल्या गावांची स्पेलिंगं ओळखू येण्यापलीकडे गेलेली असतात. तिकडच्या एखाद्याने ऑनलाइन विचारलं की हे गाव कुठलं, तर उत्तर आपल्याकडेच असतं: वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे. नाव मोठ्याने वाचून दाखवायचं, दोन-तीनदा, वेगवेगळ्या हेलात. कोणीतरी म्हणतंच, "अरे, ह्या तर आमच्या बाजूचाच."