नाताळ आणि दुकानदारी

नाताळ पूर्वीं भक्तीचा होता, आतां तो बाजाराचा झाला, अशी तक्रार पाश्चात्त्य देशांत दरवर्षीं ऐकूं येते. इतिहास पाहतां ती अर्धीच खरी ठरते. मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील कर्मठ ख्रिस्ती मंडळींनीं १६५९ सालीं हा सण पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. मुलाबाळांचा, घरगुती नाताळ रुजला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि दुकान त्याच्या जोडीनेंच वाढलें. लंडनमध्यें हेन्री कोल यांनीं १८४३ सालीं नाताळचें छापील शुभेच्छापत्र विक्रीस काढलें. त्यावर दोन्ही बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देण्याचीं चित्रें होतीं. किंमत मात्र एक शिलिंग! गरिबानें तें घेण्याची गोष्टच नको.

मग तक्रारींत तथ्य कोणतें? सणासाठीं माल विकणें निराळें आणि मालासाठीं सण सरकविणें निराळें. अमेरिकेंत नाताळची खरेदी ‘थँक्सगिव्हिंग’ या कृतज्ञतेच्या सणानंतर सुरू होत असे. १९३९ सालीं तो सण ३० नोव्हेंबरला येत होता. विक्रीचे दिवस कमी पडतात, असें व्यापाऱ्यांनीं विनविलें आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तो आठवडाभर अलीकडे आणला. कित्येक राज्यांनीं नवा गुरुवार मानला, कित्येक जुन्यालाच चिकटून राहिलीं. दोन राज्यांत विखुरलेल्या कुटुंबांची मोठीच पंचाईत झाली. अखेर १९४१ मध्यें कायद्यानें चौथा गुरुवार कायम केला. तेव्हांपासून नोव्हेंबरांत पांच गुरुवार आले तरी हा सण २८ तारखेपलीकडे जात नाहीं.