दीपपूजन आणि व्यसनाचा अर्थ

आषाढ वद्य अमावास्या हा दीपपूजनाचा मंगल दिवस. घरातील समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडावेत, भोवती रांगोळी रेखावी, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी श्रावणाचे स्वागत करावे, ही आपली परंपरा. याच तिथीला लोकव्यवहारात ‘गटारी’ असेही नाव पडले आहे. श्रावणात मद्य वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी मनसोक्त प्यावे, असा हा प्रघात. एरवी घराला लाज आणणारा प्याला त्या रात्री थट्टेचा विषय होतो. व्यसन कशाला म्हणावे, हे पुष्कळदा वस्तू ठरवीत नाही, रूढी ठरवते.

तंबाखूचेच पाहावे. ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर; १६०५ च्या सुमारास असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. प्राचीन धर्मग्रंथांत तिचा निषेध येणार कोठून? म्हणूनच एकादशीला धान्याचा कणही न शिवणारा गृहस्थ तंबाखूची चिमूट निःशंकपणे तोंडात धरतो आणि रोज मिश्री लावणाऱ्या आजीबाईंना कोणी व्यसनी म्हणत नाही. रूढीने निषेध केला नाही, म्हणून शरीराची हानी थोडीच टळते?

वास्तविक ‘व्यसन’ या शब्दाचा आपल्या पूर्वजांनी केलेला अर्थ फार व्यापक आहे. मनुस्मृतीत कामातून उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ, अशी अठरा व्यसने सांगितली आहेत. मद्यपान व द्यूत यांच्याबरोबर दिवसा झोपणे, परनिंदा आणि वृथा भटकणे यांचीही त्यांत गणना होते. कौटिल्याने तर अग्नी, महापूर, रोगराई आणि दुष्काळ यांनाही व्यसनच म्हटले. व्यसन म्हणजे संकट, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. पुरात सापडलेल्याला आपण हात देतो. दारूच्या पुरात सापडलेल्याला मात्र नावे ठेवतो.

महाभारतातील धर्मराजाचे स्मरण येथे करावेसे वाटते. द्यूतात त्याने राज्य, बंधू, स्वतःला आणि अखेर द्रौपदीलाही पणाला लावले. धृतराष्ट्राने सारे परत दिले, तरी पुन्हा बोलावणे येताच तो पुन्हा खेळावयास बसला. कळत असूनही वळत नाही, हेच तर व्यसनाचे लक्षण! तरीही आपल्या परंपरेने त्याचे ‘धर्मराज’ हे नाव काढून घेतले नाही. दोष दाखविला, माणूस टाकला नाही.

घरात असा कोणी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ‘श्रावण पाळतो, म्हणजे व्यसन नाही,’ ही समजूत फसवी आहे. महिनाभर थांबून पुन्हा त्याच वाटेला लागणे, ही मुक्ती नव्हे. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे विकार उद्भवू शकतात. अशाने श्रावणाचा संकल्प जरूर करावा. परंतु तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा. लोकलज्जेपायी दुखणे झाकून ठेवू नये. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते व्यसनाधीनता हा आजार आहे, या जाणिवेनेच.

काजळी धरलेला दिवा आपण उकिरड्यावर फेकत नाही. चिंचेने घासून, उजळ करून पुन्हा पाटावर मांडतो. हाच भाव घरातल्या माणसाविषयी आपणां सर्वांच्या मनी जागो, हीच दीपदेवतेच्या चरणी आमची प्रार्थना.