वामीचा उपवास

करमाळा तालुक्यात उजनी जलाशयाकाठी आमचे गाव. गेल्या पावसाळ्यात जाळ्यात आलेली वीतभर वाम मी हौसेने काचेच्या टाकीत ठेवली. सहा दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही.

दोष माझाच होता. वाम दिवसा वाळूत किंवा कपारीत दडते व रात्री किडे, अळ्या, गांडुळे खाते. माझ्या टाकीत ना वाळू, ना आडोसा. वर दिवा जळतच असे. मी टाकलेली भाताची शिते मात्र कुजून पाणी नासवीत होती.

मग तिसरा हिस्सा पाणी बदलले. तळाशी बारीक, मऊ वाळू पसरली, नळीचा तुकडा ठेवला आणि वाम निसटू नये म्हणून टाकीवर जाळी बांधली. रात्री दिवा मालवून जिवंत गांडूळ सोडायचे, उरलेले सकाळी काढायचे. तिसऱ्या रात्री गांडूळ नाहीसे झाले!

समुद्री मत्स्यालयातील बुजऱ्या माशांनाही हाच न्याय लागू पडतो. तेथे पाण्याची क्षारताही सांभाळावी लागते. आधी निर्धास्तपणा, मग घास.

धरणात जुने गाव गेले, तेव्हा नव्या घरात आजीला कित्येक दिवस अन्न गोड लागले नव्हते, असे वडील सांगतात. त्याचा अर्थ मला वामीने समजावला. पुढे तिला मी जलाशयात सोडून दिले.