मुंबईच्या उपनगरात रॉकेट बनवता येतं, मग उडवता का येत नाही?

संध्याकाळी घाटकोपरच्या कुठल्याही उंच गच्चीवर उभं राहिलं की एकामागोमाग एक विमानं उतरताना दिसतात. एक गेलं की दुसऱ्याचे दिवे लागलेच म्हणून समजा. आता याच गच्चीवर कुणी म्हणालं, "मी वीस किलोचं रॉकेट बनवलंय, तीन किलोमीटर वर जाईल," तर शेजारचे आधी हसतील आणि मग पोलिसांना फोन करतील. दोन्ही बरोबरच आहे म्हणा.

पण असं रॉकेट बनतं, हे खरं आहे. दिवाळीतलं बाटलीत उभं करायचं रॉकेट नव्हे. माणसाहून उंच, फायबरग्लासची बॉडी, आत संगणक, दोन पॅराशूट आणि खाली चांगली दणदणीत मोटर. इंग्रजीत याला हाय पॉवर मॉडेल रॉकेट म्हणतात. जगभरातले विद्यार्थी ते बनवतात. पवईच्या आयआयटीतही विद्यार्थ्यांचा रॉकेट संघ आहे.

मग यात अवघड काय? बहुतेकांना वाटतं, वर पाठवणं. ते सोपं नाही, पण खरी फजिती त्यानंतर होते.

आधी 'हाय पॉवर' म्हणजे काय ते बघू. या छंदातल्या मोटरींना अक्षरांचे गट असतात. ए, बी, सी असं पुढे. प्रत्येक अक्षरागणिक मोटरची एकूण ताकद दुप्पट होते. जीपर्यंतच्या मोटरी छोट्या मॉडेलसाठी, एचपासून पुढे हाय पॉवर. ऐकायला साधं वाटतं, पण दुप्पट-दुप्पट करत एमपर्यंत पोचलं की ताकद एच्या चार हजार पट झालेली असते. वीस किलोचं रॉकेट तीन किलोमीटर न्यायचं तर साधारण याच गटातली मोटर लागते. अमेरिकेत ही मोटर दुकानातून मिळते, पण त्याआधी तीन पायऱ्यांची परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक पायरीला रॉकेट उडवून, ते धड परत आणून दाखवायचं. तुटलं तर नापास.

आपल्याकडे असं दुकानात जाऊन एम गटाची मोटर मागता येत नाही. या मोटरीत घन इंधन असतं, म्हणजे रबरासारख्या पदार्थात ऑक्सिजन पुरवणारं रसायन आणि धातूची पूड एकजीव केलेली असते. इस्रोच्या मोठ्या रॉकेटमधलं घन इंधनही याच कुळातलं. असलं इंधन देशातच तयार व्हावं म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्यात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर आघाडीवर होते. ते १९६७ मध्ये थुंबाला गेले आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. त्याच १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये थुंबाहून भारतीय बनावटीचं पहिलं साउंडिंग रॉकेट उडालं, आरएच-७५. यातला ७५ हा आकडा म्हणजे त्याचा व्यास, ७५ मिलिमीटर. आज विद्यार्थी बनवतात ती कित्येक रॉकेटं यापेक्षा जाड असतात!

पण थुंबाला सरकार पाठीशी होतं. घरी किंवा सोसायटीच्या गॅरेजमध्ये असलं इंधन बनवणं हा छंद नाही, गुन्हा आहे. १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आजही लागू आहे. स्फोटकं बनवणं, बाळगणं, नेणं, सगळ्याला परवाना लागतो. त्याचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. यूट्यूबवर साखर घालून इंधन बनवणारे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. बोटं गेलेल्यांचे व्हिडिओ कुणी टाकत नाही.

बाकीचं रॉकेट मात्र अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात आरामात बनू शकतं. मरोळची एमआयडीसी, साकीनाक्याचे गाळे, भांडुप-मुलुंडचे लेथवाले. ॲल्युमिनियमची रिंग कातून हवी, भोक अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात हवं, सगळं मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड आहेच. त्रास देतो तो पावसाळा. फायबरग्लासला लागणारं इपॉक्सी दमट हवेत नीट सुकत नाही, वर तेलकट थर धरतं. त्यामुळे जुलैत केलेलं काम ऑगस्टमध्ये घासून काढायची वेळ येते.

बॉडी बनवताना एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं वाया. बॅडमिंटनचं फूल आठवा. कसंही मारा, ते वळून बुचाच्या बाजूनेच पुढे जातं. कारण वजन पुढे आणि हवा अडवणारी पिसं मागे. रॉकेटचंही तसंच. वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे. दोघांत रॉकेटच्या जाडीच्या एक ते दोन पट अंतर असेल तर ते सरळ जातं. उलटं झालं तर कोलांट्या. अंतर फारच वाढवलं तरी पंचाईत, कारण मग ते वाऱ्याकडे तोंड फिरवतं आणि वर जायच्या ऐवजी तिरकं पळतं. हे सगळं आधी ओपनरॉकेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर तपासता येतं.

उडताना पहिले पाच मीटर रॉकेट एका रुळाला धरून चालतं. रूळ सुटेपर्यंत त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेलेला हवा, नाहीतर पंखांना हवा पकडता येत नाही. मग काही सेकंद मोटर जळते, विझते, आणि उरलेला प्रवास नुसत्या जोरावर. तीन किलोमीटरचं टोक गाठायला साधारण पंचवीस सेकंद लागतात. वर्ष-दोन वर्षांची मेहनत, पंचवीस सेकंद.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

टोकाला पोचलेलं रॉकेट क्षणभर जवळपास थांबतं, मग नाक खाली करतं. त्या क्षणी पॅराशूट उघडलं नाही तर हे निमुळतं, वीस किलोचं धूड जमिनीवर येईपर्यंत ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकतं. कुणाच्या छपरावर पडलं तर छपराचं आणि छपराखालच्याचं काय होईल ते सांगायला नको.

म्हणजे पॅराशूट लगेच उघडायचं? तेही नाही. हिशेब करून बघा. मोठं पॅराशूट टोकालाच उघडलं आणि रॉकेट सेकंदाला सहा मीटरने उतरू लागलं, तर तीन हजार मीटर उतरायला पाचशे सेकंद. तेवढा वेळ सेकंदाला आठ मीटरचा वारा त्याला ढकलत राहिला तर चार किलोमीटर भटकंती. अंधेरी स्टेशनवरून सोडलेलं रॉकेट पश्चिमेच्या वाऱ्यावर थेट साकीनाक्याला.

म्हणून दोन टप्पे करतात. टोकाला फक्त एक छोटं पॅराशूट उघडतं. त्याने रॉकेट भरभर, सेकंदाला पंचवीस मीटरने, पण ताब्यात राहून खाली येतं. जमीन तीनशे मीटरवर आली की मोठं उघडतं. आता एकूण वेळ १६० सेकंदांच्या आत आणि भटकंती सव्वा किलोमीटर. आपलं अंधेरीचं रॉकेट द्रुतगती महामार्ग ओलांडून जवळपासच उतरेल.

उंची ओळखायचं काम अल्टिमीटर करतो. वर जाताना हवेचा दाब कमी होतो, त्यावरून तो उंची काढतो. बाहेरची हवा त्याच्यापर्यंत पोचावी म्हणून बॉडीला बारीक भोकं ठेवतात. ती खरखरीत असली, चुकीच्या जागी असली, तर आकडे चुकतात. वेग आवाजाच्या जवळ गेला की भोकांपाशी दाबाचा झटका बसतो आणि यंत्राला वाटतं, टोक आलं. भर वेगात पॅराशूट उघडलं तर चिंध्या. म्हणून तेवढा वेळ यंत्राला दाबाकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. शिवाय एकावर भरवसा ठेवत नाहीत. दोन अल्टिमीटर, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या.

पॅराशूट बाहेर ढकलायला सहसा चिमूटभर काळी दारू वापरतात. तीही सहा-सात किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेत पूर्ण जळेलच असं नाही. त्यामुळे अजून वर जाणाऱ्यांना तिथे वेगळी तजवीज करावी लागते. अमेरिकेतल्या हौशी गटाने २००४ मध्ये नेवाडाच्या वाळवंटातून अवकाशाची हद्द ओलांडली. तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ते केलं आणि २०२४ मध्ये तर १४० किलोमीटरच्या वर गेले. या सगळ्यांना एक गोष्ट फुकट मिळाली होती, ओसाड वाळवंट.

मुंबईच्या उपनगरात नेमकी तीच नाही. मधोमध विमानतळ, एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, शेजारी जुहूची हेलिकॉप्टरं. बोरिवली आणि मुलुंडच्या मध्ये शंभर चौरस किलोमीटरचं मोकळं दिसणारं हिरवं आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे. आगीचं यंत्र घेऊन तिथे जायचा विचारही करू नये, बिबट्यांना आधीच कमी त्रास नाही. उरली खाडी आणि समुद्र. खाऱ्या पाण्यात पडलेलं इलेक्ट्रॉनिक्स परत मिळालं तरी कामाचं राहत नाही.

गंमत अशी की पवईच्या विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवला तेव्हा त्याला वाट मिळाली. 'प्रथम' नावाचा तो दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्हीने वर नेला. उपग्रह बनवणाऱ्याला इस्रोचं रॉकेट मिळू शकतं. रॉकेट बनवणाऱ्याला आकाश कोण देणार, हा प्रश्न बरीच वर्षं तसाच होता.

त्याचं एक उत्तर २०२५ मध्ये मिळालं. इन-स्पेस ही सरकारी संस्था, इस्रो आणि ॲस्ट्रोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली. जागा निवडली उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यातली, तमकुहीराज. लक्ष्य सुमारे एक किलोमीटर उंची आणि आत एक डबाएवढा छोटा उपग्रह. जूनमध्ये तिथे चाचणी झाली, ऑक्टोबरच्या शेवटी स्पर्धा.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्सप्रेस घाटकोपर, मुलुंडवरूनच पुढे जाते. नळ्या, पंख, पॅराशूट, लॅपटॉप, सगळं बर्थखाली मावतं. मोटर मात्र नेता येत नाही, कारण स्फोटक आणि ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत चालत नाहीत. ती परवानाधारकाकडून जागेवरच यावी लागते. म्हणजे मुंबईत शेवटचा स्क्रू बसवला तरी रॉकेट पूर्ण होत नाही, ते पूर्ण होतं दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे, शेताच्या कडेला.

तिथे उडालं, पॅराशूटं उघडली, तर मग शोधाशोध. जीपीएस साधारण जागा दाखवतं, पण उसाच्या फडात रॉकेट पडलं की जीपीएसवाला आणि गावातली पोरं यांत पोरंच आधी पोचतात. सापडल्यावर कान लावायचा. कित्येक अल्टिमीटर जमिनीवर आल्यावर गाठलेली उंची आकड्यागणिक बीप वाजवून सांगत राहतात. एक बीप, थोडी विश्रांती, मग शून्यासाठी दहा बीप, आणि मोजणारे श्वास रोखून मोजत असतात.